पाच व्होल्टच्या वाइंडिंगला हात लावू दिला नाहीत, काका

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच अँटेनाचा विषय काढता. म्हणून आज चारचौघांसमोर लिहितोय.

आजोबांचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, ट्रान्समीटर गिरगावच्या खोलीत पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला होता. त्यात तीन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या निर्वात नळ्या: लहरी तयार करणाऱ्या ऑसिलेटरला ६एल६, सिग्नल मोठा करणाऱ्या फायनलला एकच ८०७, सप्लायला एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५आर४. चॅसिसची भोकं त्यांनी स्वतः कानस मारून केलेली. लायसन्स हातात आल्यावर मी तो खाली काढला, तर ८०७ च्या काचेतला रुपेरी डाग पांढराफटक पडला होता. आत हवा शिरली होती, व्हॉल्व्ह संपला होता.

चोरबाजारात ८०७ मिळाला नाही, १६२५ मिळाले, तेही तीन. दुकानदार म्हणाला, "तोच आहे, फक्त पाय जास्त." तो खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात विमानांतल्या ट्रान्समीटरसाठी हे व्हॉल्व्ह ढिगांनी बनले, आणि आतून तो ८०७ च आहे. पण ८०७ च्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट आणि ०.९ अँपियर लागतात, १६२५ ला १२.६ व्होल्ट आणि ०.४५ अँपियर. वॅट तेवढेच, वाटणी वेगळी. शिवाय पिना पाचऐवजी सात.

माझं गणित मी तुम्हाला रात्री मोठ्या उत्साहाने सांगितलं: ट्रान्सफॉर्मरवर ६.३ ची वाइंडिंग (तारेची गुंडाळी) आहे, ५ ची आहे, सिरीजमध्ये जोडली की ११.३, भागून जाईल. तुम्ही क्षणभर काही बोललाच नाहीत. मग म्हणालात, "सोल्डरिंग आयर्न बंद कर. प्लग काढ. सकाळी येतो."

आणि मुलुंडहून लोकलचा सगळा प्रवास करून तुम्ही खरंच आलात, या वयात, पावसात. कागदावर आकृती काढून दाखवलीत. पाच व्होल्टची वाइंडिंग रेक्टिफायरची; सगळी हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेज, तिच्यावरच बसलेली असते. ६.३ च्या वाइंडिंगचं एक टोक चॅसिसला. दोन्ही जोडल्या असत्या तर सहाशे व्होल्ट सरळ चॅसिसला शॉर्ट झाले असते. आजोबांचा ट्रान्सफॉर्मर गेला असता, आणि त्या क्षणी माझा हात कुठे असता याचा विचार मला अजूनही करवत नाही. तुम्ही ओरडला नाहीत. "हे कुणीतरी मलाही सांगितलं होतं," एवढंच म्हणालात.

मग आपण लॅमिंग्टन रोडवरून बारा व्होल्टचा छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर आणला. लोडवर मीटरने १२.३ दाखवले, तुम्ही मान डोलावलीत. मी भोक मोठं करायला कानस उचलली तेव्हा तुम्ही ती काढून घेतलीत: "त्यांच्या हाताचं काम आहे, राहू दे." सात पिनांचा सॉकेट चॅसिसच्या वर स्पेसरवर बसवला, तारा जुन्याच भोकातून खाली. त्यामुळे ग्रिडची तार लांबली, तर पॅरासिटिक (आपोआप सुरू होणारी नकोशी कंपनं) नको म्हणून ४७ ओहमचा कार्बन रेझिस्टर थेट पिनेलाच जोडायला लावलात. वर टोपीपाशीही तसाच एक, त्यावर तारेचे चार वेढे. व्हॉल्व्ह बदलणं म्हणजे जुना उपसून नवा खोचणं, असं मला तोवर वाटायचं.

पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून, डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू वाढवत सप्लाय जागा केला. प्रत्येक वेळी आत हात घालण्याआधी तुम्ही लाकडी काठीच्या हुकाने कपॅसिटर अर्थ करून घेतलेत, आणि मलाही तेच करायला लावलंत. आता ती काठी टेबलाला टांगलेली असते.

प्लेट करंटचा डिप (सर्किट जुळल्याची खूण) मिळाला आणि अँटेनाऐवजी लावलेला डमी लोडचा बल्ब पेटला तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिने हे यंत्र शेवटचं चालू पाहिलं तेव्हा ती नवी सून होती.

त्याच रात्री ७ मेगाहर्ट्झवर मुलुंडहून मोर्समध्ये तुमचा ५७९ आला: स्पष्टता ५, ताकद ७, टोन ९. चिर्प, म्हणजे सुराचं घसरणं, नाही. मी पुन्हा पाठवायला सांगितलं ते ऐकू आलं नाही म्हणून नव्हे.

तुमची ती आकृती झाकणाच्या आत, आजोबांच्या सर्किटशेजारी चिकटवली आहे. उरलेले दोन्ही १६२५ तपासून ठेवलेत. एक तुमचा. रविवारी घेऊन येतो, अँटेनाबद्दलही तेव्हाच बोलू.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा),
तुमचा गिरगावकर