पोर्ट ४४५ आणि जुने एसएमबी बंद करा

संपादक महोदय,

सायबर सुरक्षेवरच्या लेखांतला सल्ला बहुतेक वेळा ‘अनोळखी लिंक उघडू नका’ इथेच थांबतो. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या) प्रोग्रामला कुणी काही उघडण्याची गरजच नव्हती. दुरुस्ती न केलेले विंडोज, चालू नेटवर्क आणि उघडे टीसीपी पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगसाठी यंत्रात येण्याचे नेटवर्कवरचे दार) एवढे त्याला पुरले.

वॉनाक्रायने वापरलेली चूक होती विंडोजच्या एसआरव्ही डॉट सिस या ड्रायव्हरमध्ये. फाइल शेअरिंगचा जुना एसएमबी १ प्रोटोकॉल तो थेट कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) राहून सांभाळतो. फाइलच्या जादा गुणधर्मांची यादी ओएस/२ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पद्धतीतून एनटीच्या (विंडोजच्या) पद्धतीत बदलण्याआधी तो ती तपासतो आणि मोडकी नोंद सापडली की यादीची लांबी तिथवर कमी करतो. ही लांबी ३२ बिटांची. पण नवा आकडा लिहिताना फक्त खालचे १६ बिट बदलले जात होते, वरचे जुनेच राहत होते. त्यामुळे ६५,५३६ बाइटची यादी ६५,३७३ वर आणायला जावे, तर लिहिले जाई १,३०,९०९! मेमरी मात्र वैध नोंदींपुरतीच घेतलेली. कॉपी करताना ती जागा संपते आणि उरलेला मजकूर नॉन-पेज्ड पूलमधल्या (कर्नलच्या राखीव मेमरीतल्या) शेजारच्या जागेवर जाऊन पडतो. तिथे काय असावे, हे हल्लेखोराने आधीच पॅकेट पाठवून जुळवलेले असते. नेम चुकला तर निळा स्क्रीन येऊन विंडोज बंद पडते, साधला तर यंत्राचा पूर्ण ताबा. लॉगिनचा प्रश्नच येत नसल्याने पासवर्ड कितीही मजबूत असला तरी इथे उपयोगाचा नाही.

दुरुस्ती एमएस१७-०१० या नावाने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे हल्ल्याच्या ५९ दिवस आधी, आली होती. तरीही २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रामने हीच वाट वापरली. शिवाय मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरला. त्या तडाख्यात उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

म्हणून नुसते अपडेट पुरेसे नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडून ‘एसएमबी १.०’ समोरची खूण काढावी आणि यंत्र रीस्टार्ट करावे. विंडोज १० च्या २०१७ अखेरच्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांत हे मुळातच बंद असते, पण जुना स्कॅनर जोडताना कुणीतरी ते परत चालू करून ठेवते. खूण काढल्यावर ‘स्कॅन टू फोल्डर’ बंद पडले, तर आधी स्कॅनरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) नवे एसएमबी २ चालवते का ते पाहावे. नसेल तर ईमेल किंवा पेनड्राइव्हवर स्कॅन करावे. एका स्कॅनरसाठी अख्खे ऑफिस उघडे ठेवू नये. राउटरवर ४४५ बाहेरून बंद हवेच. आतही ते फक्त फाइल सर्व्हरवर उघडे असावे, बाकीच्या पीसींच्या फायरवॉलमध्ये येणारी जोडणी अडवावी. विंडोज ७ किंवा एक्सपीवर अडकलेली कारखान्यातली यंत्रे वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाकावीत.

मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री, येतात. त्या आठवड्यातल्या गुरुवारी ‘कोणत्या दुरुस्त्या तातडीच्या’ अशी छोटी चौकट आपण छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक (नेटवर्क देखभाल), ठाणे