हरलेल्या टीमचं नाव पण छापत जा

संपादक सर किंवा मॅडम, (कोण आहे माहीत नाही म्हणून दोन्ही लिहिलं),
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, आजच्या पोरापोरींना ना पुस्तक माहीत ना मैदान, नुसता अंगठा वर-खाली चालू असतो, वगैरे. आमच्या पप्पांनी ते मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी "वगैरे वगैरे" सकट. मी तेव्हा ओट्यावर बसून फुटलेल्या गुडघ्याला हळद-तेल लावत होते कारण नुकतीच कबड्डीच्या प्रॅक्टिसवरून आले होते, आणि पिशवीत वाचनालयाचं पुस्तक होतं. आता बोला. मी पप्पांना काही बोलले नाही पण काकांना उत्तर द्यायचं मनात राहिलं म्हणून हे पत्र. पत्र लांब झालंय, कापायचं तर कापा, पण शेवटचं राहू द्या.

मी टीवायबीएला आहे, मराठी स्पेशल. गाव जळगाव जिल्ह्यातलंच, नाव-गाव छापू नका प्लीज, आमचे सर तुमचा पेपर वाचतात.

काका, मी रील बघते. खोटं कशाला सांगू. रात्री जेवण झाल्यावर तासभर तरी जातो त्याच्यात, अर्धा वेळ कबड्डीच्या रेड (चढाया) बघण्यात आणि अर्धा वेळ कशात ते मलाच कळत नाही. पण तुम्ही एकदा पहाटे पाच वाजता आमच्या गावच्या झेडपी शाळेच्या मैदानावर या. पन्नास-साठ पोरं असतात. मैदान फुल. फक्त खेळत कोणीच नसतं. सगळे पळत असतात, सोळाशे मीटर, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, कारण पोलीस भरतीत सोळाशेला २० मार्क, शंभर मीटरला १५ आणि गोळ्याला १५, असे ५० मार्काचं ग्राऊंड. माझा भाऊ पण त्यातच आहे, दोन वर्षं झाली, घरी कापूस किती आणि भाव किती हे मला माहीत आहे त्यामुळे मी त्याला हसत नाही. पण तो आधी व्हॉलीबॉल काय खेळायचा, उडी मारली की वरच राहिल्यासारखा वाटायचा. आता नेटचे नुसते खांब उभे आहेत, त्याला कोणीतरी म्हैस बांधतं.

आणि तिथून वाचनालयात या. तिथेही फुल. बसायला जागा नाही. सगळ्यांच्या पुढे चालू घडामोडी, अंकगणित, मागच्या वर्षीचे पेपर. कपाटं भिंतीला आहेत, कुलूप लावलेली, आणि कपाटांच्या पुढे टेबलं लावलीत म्हणजे कपाट उघडायचं झालं तर आधी दोन पोरांना उठवावं लागतं, आणि ते उठतात पण असे बघतात की जशी मी त्यांची पोस्टच घेऊन चालले. पहिल्यांदा गेले तेव्हा चावी सापडायला चार दिवस लागले. मी "कोसला" मागितलं होतं, सिलॅबसला म्हणून नाही, असंच. मिळालं तेव्हा मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २००९ चा. लिहिणारे भालचंद्र नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, १९६३ ला पुस्तक आलं तेव्हा पंचविशीचे, म्हणजे आमच्या गावात भरती करणाऱ्या पोरांएवढे, आणि त्यातला पोरगा शिकायला पुण्याला जातो, नापास होतो, घरी परत येतो. बस. काहीच जिंकत नाही तो. आणि अशा पुस्तकाला सोळा वर्षं कोणी हात लावला नाही, जिथे निम्मी पोरं तीन-तीन वेळा नापास होऊन गुपचूप बसलेली आहेत तिथेच कपाटात, त्यांच्या पाठीमागे, दीड फुटावर.

म्हणजे काका, मैदानही भरलंय, वाचनालयही भरलंय. खेळ आणि पुस्तक तेवढं बाहेर काढलंय.

आता मॅचचं सांगते, खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले.

आमची मॅच भुसावळच्या बाजूला होती, मातीचंच ग्राऊंड, मॅट नाही. हाफ टाइमनंतर आम्ही लोण पण दिला होता समोरच्यांवर, म्हणजे त्यांच्या सगळ्या बाद केल्या होत्या, तरी त्यांनी ओढत आणली आणि शेवटच्या मिनिटाला २३-२३. शेवटची रेड त्यांची. आम्ही पाच जणी आत, म्हणजे बोनसचा (नुसती रेषा ओलांडून मिळतो त्या पॉइंटचा) प्रश्न नव्हता, तिला हात-पाय काहीतरी लावूनच जावं लागणार होतं. मी डाव्या कोपऱ्यात. ती पोरगी माझ्याकडे आली, वाकली, हात उजवीकडे दाखवला आणि पाय डावीकडे टाकला, मी मागे झाले, पण तिच्या अंगठ्याचं नख माझ्या ट्रॅकपँटच्या कडेला लागलं. लागलं म्हणजे किती, तर कोणी झोपेत पांघरूण ओढतं ना तेवढं. ती मध्यरेषा ओलांडून गेली आणि माझ्याकडे बोट दाखवून टच टच ओरडायला लागली. पंचांचं लक्ष निदान रेषेवर होतं, रेडरला पार करावी लागते ती. त्यांनी मान हलवली, नाही. कपड्याला लागलं तरी टचच असतो हे कबड्डीत पाचवीच्या पोरीला पण माहीत असतं.

मी काही गांधीबाबा नाही हो. मी ठरवून काहीच केलं नाही. शाळेत आमच्या मॅडमनी सवय लावली होती, टच झाला की पंचाकडे बघायचं नाही, हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं, आणि नाही केलं तर मैदानाला दोन चक्कर. तो हात आपोआप वर गेला. वर गेल्यावर मला कळलं की काय झालं. तोपर्यंत शिट्टी झाली होती. २४-२३.

सर काही बोलले नाहीत ग्राऊंडवर. स्टेशनवर बोलले. "तू कोणाच्या साईडने खेळत होती?" एवढंच. पंचाने दिलं नव्हतं तर तुला कोणी विचारलं होतं, असं कॅप्टन म्हणाली, आणि तिचंही बरोबर होतं, ती बारावीपासून या मॅचची वाट बघत होती.

पॅसेंजरमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. खिडकी मिळाली तेवढा फायदा. भुसावळ सोडलं की थोड्या वेळाने भादली येतं, छोटं स्टेशन, कोणाच्या लक्षातही राहत नाही, पण मराठी घेतलंय म्हणून मला माहीत की बालकवी इथेच १९१८ च्या मे महिन्यात रेल्वेखाली गेले, सत्तावीस वर्षाचे होते. तिथून आसोदा जवळच, बहिणाबाईंचं माहेर. मग जळगाव, गर्दी, चहा, आणि पुढे त्याच लाईनवर धरणगाव, तिथे बालकवी जन्मले होते. म्हणजे त्या दिवशी मी त्यांच्या मरणाच्या स्टेशनावरून जन्माच्या स्टेशनाकडे उलटी चालले होते आणि डब्यात बारा जणी मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेल्या. मला एवढं रडू येत होतं आणि तरी डोक्यात हे चालू होतं. वाचायचा हाच एक फायदा मला आजपर्यंत कळलाय, आपण हरून येत असलो तरी खिडकीबाहेर काहीतरी असतं.

घरी आले तर आजीने विचारलं काय झालं. आजी अहिराणीच बोलते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणे, "तू खरं बोलनी ना, मंग रडस कसाले?" आणि भाकरी थापायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

पप्पांचा विषय संपला नाही, ते क्रिकेटवाले. त्यांनी मला १९८० ची ज्युबिली टेस्ट सांगितली, मुंबईला, वानखेडेवर. इंग्लंडचे ५८ ला पाच गेलेले, बॉब टेलरला अंपायरने कॅच आऊट दिलं, आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता, त्याला वाटलं बॅट लागली नाही, त्याने अंपायरला सांगून टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमची १७१ ची भागीदारी झाली आणि आपण दहा विकेटनी हरलो. मला वाटलं पप्पा आता म्हणतील शाब्बास, तू पण विश्वनाथसारखीच. तर ते म्हणे, "दोनच टेस्ट कॅप्टन होता तो. ती शेवटची." आणि पेपर उघडला.

मी हे दोन दिवस डोक्यात घोळवत होते. खरंच आहे ना. खरं बोलल्यावर काही मिळत नाही, खिलाडूवृत्तीला ग्रेस मार्क नाहीत. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, चांगलंच आहे, पण त्याच्यासाठी न खेळलेल्या खेळाची बोगस सर्टिफिकेटं काढलेल्यांच्या बातम्या तुम्हीच छापल्यात. ज्याने मैदान बघितलं नाही तो खेळाडू म्हणून लागतो, आणि जी रोज गुडघे फोडते ती "कोणाच्या साईडने खेळत होती". अशा वेळी काका म्हणतात तरुण बिघडले. आम्हाला जिंकलेल्यांशिवाय कोणी दाखवलंच कुठे?

एक गंमत सांगते, मला ही प्रोजेक्ट करताना सापडली. १९५२. त्या एका वर्षात अमळनेरला साहित्य संमेलन झालं, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. त्याच वर्षी बहिणाबाईंची गाणी पुस्तक म्हणून आली, त्या गेल्यानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, आणि त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ऐकून ऐकून उतरवून ठेवलेली म्हणून ती राहिली. आणि त्याच वर्षी हेलसिंकीला खाशाबा जाधवांना कुस्तीत ब्राँझ मिळालं, ज्यांना जायला पैसे नव्हते तर कोल्हापूरच्या त्यांच्या प्रिन्सिपॉलनी घर गहाण टाकलं. कोणीतरी उतरवून घेतलं, कोणीतरी घर गहाण टाकलं. आता आमच्या वेळी कपाटाची चावी शोधायलाच चार दिवस.

७२ वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, अमळनेरला परत संमेलन झालं, ९७ वं. मी मैत्रिणीसोबत गेले होते, दोनशे रुपये घेऊन. त्याच गावात विद्रोही संमेलन पण चालू होतं, आम्ही दोन्हीकडे फिरलो, दोन्हीकडे आमच्या वयाचे भरपूर होते काका, बिल्ले लावून पाणी वाटत होते. स्टेजवर आमच्या वयाचं कोणी दिसलं की आम्ही एकमेकींना कोपराने ढोसायचो, दोन दिवसांत फार ढोसावं लागलं नाही. साने गुरुजी याच अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहून छात्रालय दैनिक काढायचे, रोज. एक माणूस, शाई आणि कागद. आमच्या कॉलेजचं भित्तिपत्रक मागच्या तीन वर्षांपासून तेच आहे, त्याच्यावर पाल बसते.

आता शेवटचं, जे मी कापू नका म्हटलं होतं. संपादक साहेब, राग मानू नका.

आमच्या त्या स्पर्धेची बातमी तुमच्या पेपरात आली होती. तालुक्याच्या पानावर, खाली डाव्या बाजूला. मी मोजलं. उद्घाटन कोणी केलं, प्रमुख पाहुणे कोण, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार, यात अकरा नावं, सगळी अ‍ॅड. डॉ. प्रा. लावून. मग अर्धी ओळ, अमुक संघ विजयी. बस. जिने ती शेवटची रेड मारली तिचं नाव नाही. आमच्या कॉलेजचं तर नावच नाही, जशा काही त्या पोरी एकट्याच खेळून जिंकल्या. आणि वरच्या बाजूला पाव पानभर भाऊंचा वाढदिवस, फोटोत भाऊ मोबाईलवर बोलताहेत. पेपर चालवायचा तर जाहिरात लागते हे मला कळतं. पण अकराऐवजी पाहुण्यांची चार नावं घेतली तर सात पोरी बसतात त्या जागेत.

साहित्याचं पण तसंच. पुस्तक प्रकाशनाची बातमी येते, शाल-श्रीफळ येतं, पुस्तकात काय आहे ते येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा एखाद्या पोराला-पोरीला दीडशे शब्द द्या, काय वाचलं ते लिहायला, मला नका देऊ पाहिजे तर, आमच्या वर्गात एक जण आहे, केळीच्या बागेत ठिबक बघता बघता वाचतो आणि कोणाला सांगत नाही.

आणि वाचनालयाच्या कपाटापुढची टेबलं एक फूट पुढे घ्यायला कोणाला सांगायचं ते छापा, ग्रामपंचायत म्हणते समितीला विचारा, समिती म्हणते मीटिंग झाली नाही.

कापूस वेचणी चालू झाली की आमच्या चार पोरी प्रॅक्टिसला येत नाहीत, त्यामुळे टीम कशी उतरेल सांगता येत नाही, पण पंधरा तारखेला त्याच कॉलेजशी परत मॅच आहे, यावेळी आमच्याकडे. कॅप्टन बोलायला लागलीय माझ्याशी, थोडं थोडं. सरांनी मला परत डाव्या कोपऱ्यातच ठेवलंय, का ते विचारायची माझी हिंमत नाही. त्या रेडरने कुठून तरी माझा नंबर काढून मेसेज केला होता, "ताई गुडघा कसा आहे", ती माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान आहे. मी म्हटलं बरा आहे, यावेळी तुझा अंगठा पकडणार.

तुमचा कोणी माणूस येणार असेल तर सांगा. नाहीतर निकाल मीच कळवते, दोन्ही टीमची नावं टाकून. हरलो तरी. अर्धी ओळ चालेल.

आपली वाचक,
(नाव तुमच्याकडे आहे)
तृतीय वर्ष कला, जळगाव जिल्हा