मुरूम तसाच राहू द्या : नवेगाव-नागझिऱ्याभोवतीच्या सायकलवाटेसाठी खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी : मा. वनमंत्री, मा. जिल्हाधिकारी, गोंदिया व गडचिरोली.

विषय : गोंदिया–बोदलकसा–नवेगावबांध–इटियाडोह–वडसा या कच्च्या रस्त्यांच्या सायकलवाटेला नवे बांधकाम न करता मान्यता मिळणेबाबत.

मा. महोदय,

सायकल पर्यटन म्हटलं की आधी अंदाजपत्रक तयार होतं. इतके मीटर पेव्हर ब्लॉक, इतके सौरदिवे, तलावाकाठी एक कमान आणि कमानीखाली सेल्फी पॉइंट. आमची मागणी नेमकी उलटी आहे. गोंदियाहून वडसापर्यंत जी वाट आज आहे ती डांबर-सिमेंट न घालता तशीच राहू द्यावी आणि तिच्यावरून जायला एक कागद मिळावा. बाकीचा खर्च किरकोळ आहे.

वाट अशी. पहिल्या दिवशी गोंदियाहून तिरोड्याच्या अंगाने चोरखमारा आणि बोदलकसा हे तलाव. दुसऱ्या दिवशी नागझिरा अभयारण्य उजव्या हाताला ठेवून मुरदोली, कोहमारा करत नवेगावबांध. तिसरा दिवस मुद्दाम छोटा: अर्जुनी मोरगावावरून गोठणगाव, तिथली तिबेटी वसाहत आणि इटियाडोह धरण. चौथ्या दिवशी कालव्याच्या कडेने वडसा. रोजचं अंतर ४५ ते ७० किलोमीटर. डांबरी रस्त्यावर हे अर्ध्या दिवसाचं काम. कच्च्यावर सामानासकट ताशी १२-१४ किलोमीटरच्या वर सरासरी जात नाही. म्हणूनच मुक्काम पडतो, आणि मुक्काम पडला तरच गावाला चार पैसे मिळतात.

आता रस्त्याविषयी. या भागातला शेतकरी बरडी, सिहार, मोरांड, कन्हार असे जमिनीचे प्रकार सांगतो, आणि सायकलस्वारालाही तीच यादी कामाला येते. बरडीतला खडेमिश्रित मुरूम पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी चालतो. सिहार ओली असली तर घसरते, वाळली की तिचा फुफाटा होतो. कन्हार, म्हणजे काळी चिकट जमीन, मात्र ओली असेपर्यंत टाळायचीच. ती टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत भरते, चाक जाम होतं, आणि तरीही पॅडल मारलं तर मागचं डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) ओढलं जाऊन आऱ्यांत अडकतं. ते ज्या पातळ ॲल्युमिनियमच्या हँगरला लटकतं तो वाकतो किंवा तुटतो. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. म्हणून आपापला सुटा हँगर, साखळी जोडायच्या दोन क्विक लिंक (सुट्या कड्या) आणि दोन ट्यूब बरोबर हव्यातच. मडगार्ड घरी ठेवावेत.

टायर ४० ते ४५ मिलिमीटरचा, ट्यूबलेस. सत्तर किलोचा स्वार आणि आठ किलो सामान धरलं तर पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआय हवा पुरते; जास्त भरली की गिट्टीवर सायकल उडते आणि हात भरून येतात. शेताच्या कुंपणाला लावलेल्या बोरी-बाभळीच्या काट्या रस्त्यावर पडलेल्या असतात, त्यामुळे दर चाकात ६० मिली सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) हवं. विदर्भाच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. हे न तपासता निघालेल्या गटाचा पहिला अर्धा दिवस पंक्चर काढण्यातच जातो.

पण सगळ्यात वाईट पृष्ठभाग मातीचा नसतो, अर्धवट सोडलेल्या खडीकरणाचा असतो. ४० मिलिमीटरची गिट्टी अंथरली, वर मुरूम आला नाही, पाणी मारलं नाही, रोलर फिरला नाही. अशा रस्त्याच्या कडेला नेहमी एक पायवाट पडलेली दिसते: शाळेच्या पोरींच्या सायकली, बकऱ्या, म्हातारी माणसं, सगळे रस्ता सोडून त्या पायवाटेने जातात. दुसरा त्रास केजव्हीलचा. चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात आणि एका बांधीतून (धानाच्या खाचरातून) दुसऱ्या बांधीत जाताना तीच चाकं रस्त्यावरून नेतात. दोन पावसांत मुरूम नांगरून निघतो.

यावरचा इलाज साधा आहे. भारी धान निघालं की डिसेंबरात वर्षातून एकदा चाकोऱ्यांत मुरूम भरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना तीन-चार टक्के उतार ठेवायचा, कडेच्या नाल्या मोकळ्या करायच्या. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहेच. या वाटेवरचे पाणंद रस्ते त्या आराखड्यात आधी घ्यावेत. आमच्यासाठी वेगळा रस्ता नको. धानाची गाडी जिथून सुरळीत जाते तिथून सायकलही जाते.

तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, मात्र हात लावू नये ही कळकळीची विनंती. या भागातले मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, मुख्यतः कोहळी समाजाने बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले. त्यांच्या पाळी मातीच्या, वर्षानुवर्षं दबत बसलेल्या. त्यांच्यावर पेव्हर बसवले की पाळ जिथे खचेल तिथे ते उखडतात, फटीतून पाणी खाली जातं आणि ब्लॉकखालची माती वाहून जाते. वरून काही दिसत नाही. शिवाय सकाळी याच पाळीवर ढिवरांची (मासेमारांची) जाळी वाळत असतात. तिथे उतरून सायकल हातात धरून चालायचं, एवढं वाक्य एका पाटीवर लिहिलं तर पुरे.

परवानगीचा गुंता खरा डोकेदुखीचा आहे. एका दिवसाच्या वाटेत प्रादेशिक वनविभाग, वनविकास महामंडळ, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं बफर (गाभ्याभोवतीचा पट्टा), जिल्हा परिषदेचा तलाव आणि जलसंपदा खात्याचा कालवा असे पाच मालक भेटतात. नाक्यावरचा वनरक्षक अडवतो तेव्हा त्याचं चुकत नाही. सायकल वहीच्या कोणत्या रकान्यात लिहायची हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जिल्हाधिकारी कार्यालयात एकच खिडकी असावी. सात दिवस आधी अर्ज, एका पानाचं परवानापत्र, त्यात नावं, तारखा, मुक्काम आणि संपर्काचा क्रमांक. प्रत संबंधित वनपरिक्षेत्रांना. कोणते रस्ते खुले आणि कोणते बंद, याची यादी वनखात्यानेच करावी. २०१३ साली जाहीर झालेल्या या व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात सायकलला प्रवेश आम्ही मागत नाही, मागणारही नाही. जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ग्रामसभेची संमती आणि शुल्कातला वाटा आधी ठरवावा.

वाघाचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ ओलांडताना ट्रकचं काय, हे कुणी विचारत नाही. या चार दिवसांतली आमच्या मते सर्वांत धोक्याची जागा तीच. तिथे दोन्ही बाजूंना सूचनाफलक आणि वेग कमी करणाऱ्या पट्ट्या हव्यात.

जंगलातले नियम परवानापत्रावरच छापावेत. सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर जंगलरस्त्यावर सायकल नाही. चार ते सहा जणांचा गट, पुढच्या-मागच्यात पन्नास मीटरपेक्षा जास्त अंतर नाही, कानात इअरफोन नाही. वळणावर घंटी वाजवायची, कारण अवचित समोर आलेलं अस्वल अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा तर झाडाखाली ते हमखास असतं. समोर प्राणी दिसला तर वळून पळायचं नाही, सगळ्यांनी एकत्र येऊन सायकली आडव्या धरायच्या आणि हळूहळू मागे सरकायचं. अंधारात शेतातून आडवाट तर कधीच घ्यायची नाही: रानडुकरांसाठी काही जण तारेत वीज सोडतात, आणि डुक्कर कोणतं, माणूस कोणता हे त्या तारेला कळत नाही. छत्तीसगडकडून आलेले हत्ती २०२१ पासून गडचिरोलीत आहेत, पुढे गोंदियातही उतरले. कळप वाटेजवळ असेल त्या दिवशी परवाना रद्द करण्याचा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला द्यावा. आमची तक्रार नसेल.

मुक्कामाला नवी इमारत नको. ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा शाळेचा व्हरांडा, एक चालू हातपंप, एक स्वच्छ संडास आणि बचत गटाचं ठरलेल्या दराचं जेवण पुरतं. जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून घ्यायची. हिवतापाचे डास आणि रात्री अंथरुणात शिरणारी मण्यार, दोघांनाही तीच अडवते. वाटेवरच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं औषध आहे ते नकाशावर छापलेलं हवं.

रेल्वे आपल्या खात्यात येत नाही, तरी लिहितो. गोंदिया आणि वडसा एकाच गोंदिया–बल्लारशा मार्गावर असल्याने चौथ्या दिवशी रेल्वेने सुरुवातीच्या ठिकाणी परतता येतं. पण ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) सायकल चढवायला गाडी थांबते तेवढा वेळ पुरत नाही. या दोन स्थानकांपुरती तरी सोय व्हावी, यासाठी राज्याने रेल्वेला पत्र पाठवावं.

हंगाम मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर एवढाच ठेवावा. पावसाळ्यात सारस बांधीत घरटं करतो, तेव्हा वाट पूर्ण बंद. उन्हाळी धानाला कालव्याचं पाणी सुटलं की काठाचा रस्ता जागोजागी पाझरतो, म्हणून पाणी सोडण्याच्या तारखा जलसंपदा खात्याने आधी कळवाव्यात. मार्चनंतर दुपारच्या उन्हात दोन गावांमध्ये माणशी चार लिटर पाणीही कमी पडतं.

वाटेचा जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसवर उघडणारी वाटेची फाइल) आणि प्रत्येक टप्प्यावरची माती, पाणी, मोबाइलची रेंज नोंदवलेला तक्ता आम्ही आपल्या कार्यालयाला द्यायला तयार आहोत. पाहणीला अधिकारी पाठवणार असाल तर गाडीने नको, सायकलने पाठवावेत. उंची आधी कळवली तर सायकली आम्ही देऊ.

आपले,
पूर्व विदर्भातल्या कच्च्या वाटांवरचे सायकलस्वार