१९३५ च्या कोटात पॉलिस्टरचा धागा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या गार्डचा कोट म्हणून नकली माल पाठवल्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावर 'जी.आय.पी. रेल्वे, गार्डचा लोकरी कोट, १९३५ चा, अस्सल' असं लिहिलेला कोट मी १८,५०० रुपये आगाऊ भरून मागवला. हातात आलेला कोट १९३५ चा नाही आणि लोकरीचाही नाही.

मी जुने गणवेश आणि कोट जमवतो. भुसावळ रेल्वेचं गाव. इथल्या घरांत ट्रंका उघडल्या की असे कोट अजून निघतात, बहुतेक कसर लागलेले. (तुमच्या कोटाला कसर लागायची भीती नाही, तेवढा एक गुण.)

बटणांवर 'सी.आर.' आहे, म्हणजे सेंट्रल रेल्वे. जी.आय.पी. आणि इतर रेल्वे मिळून ही मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला. बटणं मागाहून बदलतात, हे मान्य. जुन्या रेल्वेतला कोट कुणी नव्या रेल्वेतही अंगावर चढवला असता, तर मी तो दोन पैसे जास्त देऊन घेतला असता. म्हणून अस्तराची दोन बोटं शिवण उसवून आत पाहिलं. फोटोत ते दिसेलच, त्याचं निमित्त करू नका. आतला धागा काडीवर धरला तर वितळून त्याची काळी, टणक गोळी झाली. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टरचा शोधच १९४१ चा. दुरुस्तीत एखादी शिवण नव्या धाग्याने मारतात, पण काजांसकट सगळी? शिवणीत दबलेल्या कापडाचा तंतूही तसाच वितळला.

खरा राग आहे तो कोट जुना दिसावा म्हणून घेतलेल्या मेहनतीचा. अस्तरावर चहाचे डाग आहेत, काखेत मात्र घामाचा एक नाही. दोन्ही कोपरं पॉलिश पेपरने सारखीच घासलीत. वापरातला कोट आधी बाहीच्या कडेला, खिशाच्या तोंडाशी आणि कॉलरच्या घडीत जातो. इथे कॉलरची घडी करकरीत आहे.

फोनवर तुमचे कर्मचारी म्हणाले, 'व्हिंटेज मालाला रिटर्न नाही.' ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणंही त्यातच आहे.

मला पूर्ण रक्कम परत हवी, कोट नेण्याचा खर्च तुमचा. त्याच वर्णनाचे आणखी कोट आजही विक्रीला दिसताहेत. त्यावरचे '१९३५' आणि 'अस्सल' हे शब्द काढा. मुदतीत झालं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे तारखांना इकडे तुम्हालाच यावं लागेल.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि बटणं, शिवण, जळालेला धागा यांचे फोटो सोबत जोडले आहेत. कोट बांधून ठेवला आहे, कुरिअरवाला पाठवा.

आपला,
एक ग्राहक
भुसावळ, जि. जळगाव