आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा

संपादक महोदय,

वादात खोटी माहिती पकडणे तुलनेने सोपे. माहिती खरी आणि निष्कर्ष चुकीचा असेल तेव्हा मात्र भलेभले फसतात. ‘आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेच जास्त, मग लसीचा उपयोग काय?’ हा युक्तिवाद घ्या. समजा, हजारांपैकी ९५० जणांनी लस घेतली आणि त्यांतले १९ आजारी पडले. न घेतलेल्या ५० पैकी ५ जण. नुसते रुग्ण मोजले तर १९ विरुद्ध ५. प्रमाण काढले तर २ टक्के विरुद्ध १० टक्के, म्हणजे न घेतलेल्यांत आजार पाचपट. चूक छेदात आहे. भागायचे ते त्या त्या गटातील एकूण माणसांनी. (दोन्ही गटांतील लोकांच्या वयात फार फरक असेल, तर वयोगटही वेगळे करून पाहावे लागतात.)

‘धोका दुप्पट’ असे कोणी म्हणाले की विचारावे, कितीच्या दुप्पट? दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच.

‘गोळी घेतली आणि सर्दी गेली’ हेही तसेच. साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते आणि माणूस गोळी शोधतो ती त्रास अगदी वाढल्यावर. त्यानंतर उतार पडणारच असतो. गोळी न घेतलेल्यांना किती दिवस लागले, हे पाहिल्याशिवाय श्रेय कुणाला देणार?

आणि हो, समोरच्याचा युक्तिवाद सदोष निघाला म्हणून त्याचे म्हणणे आपोआप खोटे ठरत नाही. वाद जिंकण्याच्या भरात हे हमखास विसरले जाते.

– एक वाचक