मागितलेली यादी, आणि थोडं कानाचं

चि. सलील,
अनेक आशीर्वाद.

तू पॉडकास्टची यादी मागितली होतीस, ती पाठवते आहे. परवा फोनवर मी कानाचा विषय काढला आणि तू "आई, पुरे आता" म्हणून फोन ठेवलास. म्हणून या पत्रात तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. डाव्या कानात शिट्टी वाजते हे मला ताईकडून कळलं, तुझ्याकडून नाही, एवढंच म्हणते आणि यादीकडे वळते.

सगळ्यात आधी 'इन अवर टाइम'. बीबीसी रेडिओ ४ वर हा कार्यक्रम १९९८ मध्ये सुरू झाला आणि मेल्विन ब्रॅग यांनी तो २०२५ पर्यंत चालवला. एक विषय, तीन अभ्यासक, साधारण पाऊण तास. कधी सम्राट अशोक, कधी प्रकाशसंश्लेषण. मागे संगीत नाही, लांबलचक ओळख नाही, ब्रॅग नमस्कार करून थेट विषयात शिरायचे. कुणी फार पसरायला लागलं की मध्येच थांबवून आधी मूळ मुद्दा सांगायला लावायचे. ऐकणाऱ्याला काही माहीत नसेल हे इथे धरलेलं असतं, पण त्याला समजणार नाही असं कधीच धरलेलं नसतं. लोक इतकी वर्षं याला धरून आहेत ते माझ्या मते यासाठी. पॉडकास्टच्या भागात आणखी एक गंमत मिळते. रेडिओवरची वेळ संपल्यावरही माइक चालू राहतो, काय राहून गेलं यावर तिघं मोकळेपणी बोलतात, आणि शेवटी निर्माता येऊन चहा की कॉफी विचारतो. ती शेवटची मिनिटं सोडू नकोस.

हा पहिला ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. एका वेळी एकच माणूस बोलतो आणि खाली काही वाजत नाही, त्यामुळे आवाज अगदी बारीक ठेवला तरी शब्द सुटत नाहीत. रात्री खोली शांत असताना एकदा करून बघ. शब्द कळेनासे होईपर्यंत आवाज खाली आण आणि तिथून दोन पायऱ्या वर चढव. तुझी रोजची पातळी ती. बोलणं ऐकायला याहून जास्त लागत नाही. जास्त लागतं ते भोवतीच्या गोंगाटामुळे.

बघ, आलेच त्यावर. पण यादीशीच त्याचा संबंध आहे, म्हणून सांगून टाकते. कुठला पॉडकास्ट चांगला हे सगळे सांगतात. कुठला कुठे ऐकायचा हे कुणी सांगत नाही, आणि कानाचं नुकसान होतं ते तिथेच.

'नाइन्टी नाइन पर्सेंट इनव्हिजिबल' घे. रोमन मार्सने २०१० मध्ये सुरू केला. रस्त्यावरच्या खुणा, इमारती, झेंडे, रोज डोळ्यांसमोर असूनही न दिसणाऱ्या गोष्टी कुणी आणि का तशा घडवल्या, हे तो सांगतो. एक भाग ऐकून बाहेर पडलास की कोपऱ्यावरचा खांबही निरखायला लागशील. पण त्याचा आवाज खर्जातला, माइकच्या अगदी जवळून बोललेला. गाडीची घरघर त्याच पट्टीत असते आणि ती त्याला गिळते. गाडीत शब्द लागत नाहीत म्हणून माणूस बटण दाबत जातो, आणि दाबलं गेल्याचं त्याला कळतही नाही. हा घरी ऐक.

'रेडिओलॅब'सुद्धा घरीच. जॅड अबुमराद संगीतरचना शिकलेला, त्यामुळे विज्ञानाची गोष्ट सांगतानाही तो आवाजांचे थर लावतो. एक वाक्य दोन माणसांत वाटलेलं असतं, मध्येच एखादा सूर उठतो आणि शब्द संपायच्या आत विरतो. तू एडिटिंग शिकतो आहेस, तर एक भाग दोनदा ऐक. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा फक्त कापाकापीच्या जागा वहीत मांडायला, मिनिट आणि सेकंदासह. अबुमराद आता तिथे नाही, म्हणून त्याच्या वेळचे जुने भाग शोध.

'सीरियल'चा पहिला सीझन ठाऊक असेलच. २०१४, सारा केनिग, १२ भाग. १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये एका शाळकरी मुलीचा खून झाला होता, त्या खटल्याचा पुन्हा घेतलेला शोध. पीबडी हा रेडिओ-टीव्हीवरच्या उत्तम कामाचा अमेरिकन पुरस्कार मिळालेला हा पहिला पॉडकास्ट. लोकांना वेड लागलं ते गुन्ह्यामुळे असं म्हणतात, मला तसं वाटत नाही. केनिग स्वतःच्या शंका लपवत नाही. एका भागात जे पटलेलं असतं ते पुढच्या भागात डळमळतं आणि ती ते उघड बोलते. तुरुंगातून फोन लागताना येणारा यंत्राचा आवाज तिने ठेवला आहे, काढून टाकलेला नाही. तो आला की आपण आपोआप सावरून बसतो. हा भाग १ पासून क्रमानेच ऐकायचा. ॲपमध्ये क्रम 'जुने आधी' असा करून घे, नाहीतर नवा सीझन वर येतो आणि सगळा घोळ होतो. फोनवरचं बोलणं मुळात दबलेलं असतं, केनिगचा आवाज भरदार. फोनसाठी चढवलेला आवाज ती बोलायला लागली की कानावर आदळतो. यासाठी ॲपमधला व्हॉइस बूस्ट चालू ठेव, ओव्हरकास्टमध्ये त्याचं नाव तेच आहे, पॉकेट कास्ट्समध्ये व्हॉल्यूम बूस्ट. तो बारीक आवाज उचलतो आणि मोठा दाबतो. मूळ आवाजाची चढउतार त्यात थोडी मरते, पण बोलण्याला चालतं. 'रेडिओलॅब'ला मात्र तो बंद ठेव.

एका पॉडकास्टवरून दुसऱ्यावर जाताना आवाज एकदम का वाढतो हे तुला शिकवतील, तरी लिहिते. ॲपल उणे १६ एलयूएफएस (भागाच्या सरासरी आवाजाचं माप) ठेवायला सांगतं. पण घरगुती रेकॉर्डिंगं कितीदा उणे २२-२३ वर सोडलेली असतात. म्हणजे ६-७ डेसिबलचा फरक. हळू पॉडकास्टसाठी तू आवाज चढवतोस, भाग संपतो, पुढचा आपोआप सुरू होतो तो त्याच चढ्या पातळीवर. म्हणून भाग आपोआप पुढे जाणं बंद कर.

लहानपणी तू घड्याळाला कान लावून बसायचास. टिकटिक नीट ऐकू यावी म्हणून पंखा बंद करायला लावायचास, ऐन उकाड्यात. जिन्यावर कोण चढतंय हे चपलांवरून सांगायचास आणि कधी चुकायचा नाहीस. आजी म्हणायची, याचे कान तिखट आहेत. तू ध्वनीचं शिकायला जातोस म्हटल्यावर बाबांनी नाक मुरडलं, पण गेल्या महिन्यात पाठवलेलं तुझं रेकॉर्डिंग त्यांनी तीनदा लावलं. नदीच्या आवाजाखाली ती बाई बोलते आणि एकही शब्द बुडत नाही, ते कसं जमवलंस हे मला विचारत होते. म्हटलं त्यालाच विचारा. विचारणार नाहीत, तुला माहीतच आहे.

तुझं पोट कानांवर चालणार आहे रे. म्हणून बोलते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० ला जेमतेम ४. फोन पूर्ण चढवला तर १०० च्या वरही जाऊ शकतो. आतल्या कानात शंखाच्या आकाराच्या नळीत जवळपास १५,००० केसपेशी असतात, आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आधी झिजते ती ४००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच पट्टीचे आवाज टिपणारी जागा. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, त, थ, फ यांची धार वर असते, ती जाते. मग ताप की थाप, साप की साफ हे कळत नाही, माणूस म्हणतो लोक पुटपुटतात, आणि आवाज आणखी वाढवतो.

झालं, व्याख्यान झालं. रागावू नकोस. यादी पुरी करते.

लांबच्या प्रवासाला डॅन कार्लिनचा 'हार्डकोर हिस्टरी'. पहिल्या महायुद्धावरची त्याची 'ब्लूप्रिंट फॉर आर्मागेडन' ही मालिका ६ भागांची आणि सगळी मिळून २० तासांहून मोठी आहे. एकटा माणूस बोलतो आणि खंदकातला चिखल आपल्या अंगाला लागतो. तो कुजबुजतो आणि पुढच्या वाक्याला कडाडतो, तेव्हा कुजबुजीसाठी आवाज चढवायचा नाही. दोन शब्द सुटले तर सुटू देत, १५ सेकंद मागे जायचं बटण त्यासाठीच आहे. आणि वेग दीडपटीच्या वर नेऊ नकोस. शब्दांमधली जागा गेली की कळत नाही, कळलं नाही की हात बटणाकडे जातो. वेळच वाचवायचा असेल तर ट्रिम सायलेन्स वापर, तो फक्त मोकळ्या जागा आखडतो. पण कार्लिनला तेही लावू नकोस. त्याची शांतता त्याने मुद्दाम ठेवलेली असते.

'इअर हसल' चालताना ऐक. २०१७ पासून, कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात आत राहून केलेला पॉडकास्ट. एका कोठडीत दोघांनी कसं राहायचं, आत पाळीव प्राणी कसा सांभाळायचा, असले विषय. तो सुरू करणाऱ्यांपैकी अरलॉन वुड्स तेव्हा तिथे कैदी होता, २०१८ मध्ये त्याची शिक्षा कमी झाली आणि बाहेर येऊनही तो हे काम करतो आहे. चालताना एकच कान लाव, उजवा. आयफोनच्या ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू केलंस की दोन्ही बाजूंचं एकाच कानात येतं, काही सुटत नाही आणि मागून येणारी गाडी दुसऱ्या कानाला कळते.

'साँग एक्सप्लोडर' तुला सगळ्यात आवडेल. हृषीकेश हिरवे, २०१४ पासून. स्वतःचे प्रश्न तो कापून टाकतो, फक्त कलाकार बोलतो. गाण्याचे ट्रॅक सुटे करून ऐकवतो, नुसता ढोल, नुसता श्वास, आणि शेवटी पूर्ण गाणं. तिथेच हात बटणाकडे जातो. नेऊ नकोस.

आवाजावरचाच 'ट्वेंटी थाउजंड हर्ट्झ'ही आहे, डॅलस टेलरचा. आवाजांची रचना कशी होते ते त्यात आहे, तुझ्या कामाचा आहे.

आता दहा मिनिटांचं काम. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्स, त्यात हेडफोन सेफ्टी, त्यात रिड्यूस लाउड ऑडिओ. ते चालू करून पट्टी ८० वर आण. दुसऱ्या कंपनीचा इअरफोन असेल तर तो आकडा अंदाजाचा असतो, म्हणून मी तर ७५ वरच ठेवीन. मग रबराची टोकं बघ. डब्यात तीन मापं येतात, बहुतेक जण मधलं लावून मोकळे होतात. सैल टोकातून बाहेरचा गोंगाट आत येतो आणि खर्ज बाहेर गळतो, मग पुन्हा तेच. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. नॉइज कॅन्सलिंग असेल तर गाडीत वापर, ते संथ घरघर चांगली कापतं. रस्ता ओलांडताना बंद. झोपताना इअरफोन नकोच, फोनचा स्पीकर आणि १५ मिनिटांचा स्लीप टायमर पुरे. भाग घरूनच उतरवून घे. ६४ केबीपीएसचा एक तास साधारण २९ एमबी होतो, १२८ चा दुप्पट. आणि ऐकलेला भाग आपोआप पुसला जाईल असं ठेव.

शिट्टी एका दिवसात गेली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. ताई म्हणते तीन आठवडे झाले, आणि एकाच कानात आहे. हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच. ऐकू येणं अचानक कमी वाटलं तर एक दिवसही थांबायचं नाही, त्यात पहिल्या काही दिवसांतल्या उपचारांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. भीती घालत नाही. बहुधा थोडा आराम देऊनच भागेल.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढलास की त्याचा फोटो मला पाठव. ताईला नको, मला. त्यावर डाव्या कानाच्या खुणा निळ्या फुल्यांच्या असतात. ४००० वरची फुली किती खाली आहे ते मला बघायचं आहे.

तुझी,
आई

ता. क. बाबांना तो नदीचा प्रश्न तूच फोन करून सांग. सकाळी कर, तेव्हा ते बोलतात.