उद्या सकाळीच रक्त तपासून घे

कराड, रविवार रात्र

प्रिय अरविंद,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "रात्री तीन-चारदा उठावं लागतं, वय झालं आता." मग वजन उतरल्याचं आनंदाने सांगितलंस. तेव्हापासून मला चैन नाही. गेल्या वर्षी मीही हेच सांगत होतो.

उशाशी भरलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा व्हायचा. मी म्हणायचो, उन्हाळा आहे. चार महिन्यांत सात किलो गेले, तर ऑफिसातले म्हणायचे, "फिट झालास!" मलाही बरं वाटायचं. शेवटी चप्पल चावलेली जखम महिनाभर भरेना, तेव्हा सुमनने हट्टच धरला.

रक्त तपासलं, तर मधुमेह निघाला. साखर उपाशीपोटी २१२, जेवणानंतर ३२८, आणि एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, १०.४.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तातली साखर साधारण १८०च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीवाटे जाते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून वजन उतरतं. मी ज्यांना तीन वेगळ्या गोष्टी समजत होतो, ती एकच होती.

तू म्हणशील, मी तर पहिल्यापासून काटकुळा. अरे, पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांचं कामच यावर आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! बारीक दिसण्यावर आपण विसंबायचं नाही. शिवाय तुझ्या आईला साखर होती. त्यांचा बिनसाखरेचा चहा मला अजून आठवतो.

तेव्हा उद्या सकाळीच लॅबमध्ये जा. आज रात्री जेवलास की पाण्याशिवाय काही घेऊ नकोस. शिरेतून रक्त दे. नुसतं बोट टोचून भागवू नकोस. एचबीएवनसी आवर्जून करायला सांग. त्यात एका दिवसाचा नाही, तर दोन-तीन महिन्यांचा हिशेब येतो. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ आणि त्यापुढे आलं तर तो मधुमेहच. मध्येच उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली, तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठ.

इंजेक्शनच्या भीतीने मी दोन महिने टाळलं, ते मला अजून सलतं. सध्या गोळ्यांवर आहे, परवाचा एचबीएवनसी ६.८ आला.

वहिनींना हे पत्र वाचायला दे. आकडे आले की लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझा,
विलास